मेंडेलचे भाकीत आणि आपले गुणोत्तर

मेंडेलचा वनस्पति-संकरांवरील निबंध मुळातून वाचलेल्या विद्यार्थ्यांची संख्या फार मोठी नसावी. त्याचा सारांश मात्र सर्वांना मुखोद्गत असतो. चार घरांचा चौकोन, त्यातून निघणारे ३ : १, सोळा घरांचा चौकोन, त्यातून निघणारे ९ : ३ : ३ : १, आणि शेवटी पुरावा म्हणून वाटाण्याचे आकडे, असा हा सारांश पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळतो. मूळ निबंधातील विवेचनाचा क्रम याच्या जवळजवळ उलट आहे. तेथे प्रथम आकडे येतात, आकड्यांतून एक शंका उद्भवते, शंकेतून गृहीतक उभे राहते आणि त्या गृहीतकावरून, अद्याप न झालेल्या संकरांविषयी विधाने केली जातात. आपण ज्याला भाकीत म्हणतो ते निबंधात या शेवटच्या टप्प्यावर अवतरते. पाठ्यपुस्तकाने ते पहिल्या पानावर आणून ठेवले आणि तसे करताना भाकिताचा कसच काढून घेतला. हा क्रमभेद किरकोळ नाही, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

निबंध १८६५ साली ब्रुन येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च अशा दोन बैठकांत वाचला गेला व १८६६ साली मंडळाच्या वृत्तांतात छापला गेला. ब्रुन म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो. मेंडेलने बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ प्रकार मिळविले, दोन वर्षे त्यांची शुद्धता पारखली आणि त्यांतील २२ प्रकार संकरासाठी राखले. लक्षणे निवडताना, ज्यांच्यातील भेद कमीअधिक मात्रेचा आहे अशी लक्षणे त्याने बाजूला सारली. ही निवड पुढे टीकेचा विषय झाली आणि ती टीका सर्वस्वी अन्यायाची नव्हती. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

संकर पिढीतील झाडांना स्वपरागणाने आलेल्या प्रजेला आजच्या रूढीनुसार दुसरी पिढी म्हणू. या पिढीचे आकडे प्रसिद्धच आहेत. गोल बिया ५,४७४ तर सुरकुतलेल्या १,८५०. पिवळ्या बीजदलांच्या ६,०२२ तर हिरव्या २,००१. रंगीत बीजावरण ७०५, पांढरे २२४. फुगीर शेंगा असलेली झाडे ८८२, आवळलेल्या शेंगांची २९९. हिरव्या शेंगांची ४२८, पिवळ्या शेंगांची १५२. फुले खोडाच्या बाजूने असलेली ६५१, शेंड्याशी असलेली २०७. उंच ७८७, बुटकी २७७. सर्वांची बेरीज १४,९४९ विरुद्ध ५,०१० अशी होते आणि गुणोत्तर २.९८ : १ येते.

येथे कोणतेही भाकीत नाही. मोजणी झाली, भागाकार केला आणि उत्तर तीनच्या आसपास आले, एवढेच येथे घडले आहे. शिवाय हा भागाकार ज्या राशींवर केला त्या लहान नव्हत्या. पहिल्या प्रयोगातील ७,३२४ बिया २५३ संकर झाडांच्या होत्या. त्यांतील एकेका झाडाकडे पाहिले तर चित्र अगदी निराळे दिसते. मेंडेलने पहिल्या दहा झाडांचे आकडे स्वतंत्रपणे दिले आहेत: एकावर ४५ गोल व १२ सुरकुतलेल्या, दुसऱ्यावर २७ व ८, चौथ्यावर १९ व १०. एवढ्यावर न थांबता त्याने टोकाची उदाहरणेही नोंदविली. एका झाडावर ४३ गोल बिया आणि अवघ्या २ सुरकुतलेल्या. दुसऱ्या एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या. पिवळ्या-हिरव्याच्या प्रयोगात एका झाडावर ३२ पिवळ्या व एकच हिरवी, तर दुसऱ्यावर २० व १९. ज्याच्या हाती केवळ १४ आणि १५ चे झाड आले असते त्याला ३ : १ सुचले नसते, ४३ आणि २ चे झाड हाती आलेल्यालाही सुचले नसते. आमच्या मते निबंधातील सर्वांत उपेक्षित उतारा हाच होय. पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच उद्धृत होतो.

आता तीनास एक हे प्रमाण सापडल्यावर मेंडेलपुढे खरा प्रश्न उभा राहतो. प्रभावी लक्षणाची ही तीन चतुर्थांश झाडे एकाच जातीची आहेत काय? डोळ्यांना ती एकसारखीच दिसतात. त्यांचा निवाडा त्यांच्या प्रजेवरूनच होऊ शकतो. म्हणून गोल बियांपासून वाढविलेल्या ५६५ झाडांची तिसरी पिढी तपासली गेली. त्यांपैकी १९३ झाडांना केवळ गोल बिया आल्या, ३७२ झाडांना दोन्ही प्रकारच्या. पिवळ्या बियांपासून वाढविलेल्या ५१९ झाडांत हेच आकडे १६६ आणि ३५३ होते. म्हणजे तीनांतील एक स्थिर आणि दोन संकरासारखे. तीनास एक हे प्रमाण वस्तुतः एकास दोनास एक आहे, हे मेंडेलचे पहिले महत्त्वाचे विधान, आणि ते दिसणाऱ्या रूपाविषयी नसून न दिसणाऱ्या घटनेविषयी आहे.

ते विधान मेंडेलने लिहिले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. आज आपण एए, दोन एए-लघु, लघु-लघु अशी जोड्यांची मांडणी करतो. मेंडेलची मांडणी ‘ए अधिक दोन ए-लघु ए अधिक लघु ए’ अशी आहे. स्थिर झाडासाठी त्याने एकच अक्षर योजले आहे, दोन नव्हेत. फलनाचा विचार करताना मात्र तो परागकण व अंडपेशी यांची अक्षरे अपूर्णांकासारखी एकावर एक लिहितो आणि तेथे स्थिर रूपासाठीही अक्षर दोनदा येते. बेरजेत ते पुन्हा एकेरी होते. यावरून प्रत्येक लक्षणासाठी प्रत्येक झाडात दोन घटक असतात ही आजची कल्पना मेंडेलला स्पष्ट होती की नव्हती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निवाडा कोणत्याही बाजूने लागला तरी एक गोष्ट निश्चित आहे: पनेटचा चौकोन, जो १९०५ च्या सुमारास प्रचारात आला, तो मेंडेलच्या निबंधाचे चित्र नव्हे. ते एका उत्तम आकडेमोडीचे साधन आहे. विद्यार्थी त्याला सिद्धांत समजतो आणि घरे भरता आली की सिद्धांत समजला असे मानतो, येथे घोटाळा होतो.

निबंधातील सर्वांत धाडसी भाग जननपेशींवरील प्रयोगांचा आहे. गोल-पिवळ्या आणि सुरकुतलेल्या-हिरव्या वाणांच्या संकरापासून आलेले झाड मेंडेलने घेतले. त्याचे गृहीतक असे की, या झाडावर चार प्रकारच्या अंडपेशी व चार प्रकारचे परागकण सारख्या संख्येने तयार होत असले पाहिजेत. पेशी उघडून ते पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. मग त्याने तर्क केला: तसे असेल, तर या संकरावर सुरकुतलेल्या-हिरव्या वाणाचे पराग टाकल्यास चारही प्रकारच्या बिया सारख्या संख्येने मिळाव्यात, आणि गोल-पिवळ्या वाणाचे पराग टाकल्यास सर्व बिया गोल व पिवळ्याच दिसाव्यात, परंतु पेरल्यावर त्या चार निरनिराळ्या प्रकारच्या निघाव्यात. पहिल्या प्रकारच्या एका संकरात ११० बिया मिळाल्या: ३१ गोल-पिवळ्या, २६ गोल-हिरव्या, २७ सुरकुतलेल्या-पिवळ्या, २६ सुरकुतलेल्या-हिरव्या. दुसऱ्या संकरातील ९८ बिया सर्व गोल व पिवळ्या होत्या. त्यांपासून वाढलेल्या ९० झाडांपैकी २० झाडांनी केवळ गोल-पिवळ्या बिया दिल्या, २३ झाडांत रंग फुटला, २५ झाडांत आकार फुटला आणि २२ झाडांत दोन्ही.

या ९८ बियांचा विचार थोडा अधिक करावा. ओंजळीत घेतल्या तर एकीला दुसरीपासून वेगळे काढता येणार नाही. त्या चार वर्गांच्या आहेत असे एक मनुष्य केवळ तर्काच्या बळावर म्हणतो, त्या पेरतो आणि एक वर्ष वाट पाहतो. झाडांनी वेगळा जबाब दिला असता तर गृहीतक कोसळले असते. विज्ञानात भाकीत म्हणतात ते याला. वर्गात ३ : १ चे जे ‘भाकीत’ आपण करवून घेतो त्यात ही जोखीम नसते, कारण उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेले असते.

त्याचा परिणाम प्रयोगवह्यांत दिसतो. ज्याने पदव्युत्तर वर्गाच्या वह्या तपासल्या आहेत त्याला हा अनुभव अपरिचित नाही. शंभर रोपे असली की ७५ आणि २५, फार तर ७४ आणि २६. एका बाकावरचा विद्यार्थी ६६ आणि ३४ लिहीत नाही. तसे आले तर पुन्हा मोजतो आणि मोजता मोजता प्रकरण ७३ वर आणतो. वास्तविक शंभर रोपांत प्रमाण त्रुटी ४.३ इतकी असते, म्हणजे ६८ किंवा ८१ येणे हे काही नवल नव्हे. लहान संख्यांत तर हे अधिकच ठळक होते. दुसऱ्या पिढीच्या चारच बिया घेतल्या तर नेमके तीन आणि एक मिळण्याचा संभव ४२ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून कमी. चारही प्रभावी निघण्याचा संभव सुमारे ३२ टक्के. चौकोनाची चार घरे म्हणजे चार बिया, हा जो ग्रह विद्यार्थ्याच्या मनात नकळत बसतो तो या दोन आकड्यांनी दूर व्हावा.

पीकसुधारणेचे काम करणाऱ्याला प्रमाणापेक्षा निराळाच प्रश्न पडतो. अप्रभावी लक्षणाचे निदान एक तरी झाड मिळावे यासाठी किती झाडे लावावीत? तीन चतुर्थांशाचा पुनःपुन्हा गुणाकार करीत गेल्यास उत्तर मिळते: ९५ टक्के खात्रीसाठी ११ झाडे, ९९ टक्के खात्रीसाठी १७. दोन्ही लक्षणे अप्रभावी असलेले झाड हवे असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी ४७ झाडे लागतात, केवळ १६ पुरत नाहीत. चौकोन पाहून सोळा वाफे आखणाऱ्याच्या पदरी तीनांत एकदाहून किंचित अधिक वेळा निराशाच येईल.

येथून रोनाल्ड फिशरच्या टीकेकडे वळणे सोपे जाते. १९३६ साली त्याने मेंडेलच्या निबंधातील प्रयोग एकत्र घेऊन काय-वर्ग कसोटी लावली. ८४ मुक्तमात्रांसाठी बेरीज सुमारे ८४ यावयास हवी होती, ती ४१.६ आली. आकडे अपेक्षेच्या इतके किंवा याहून अधिक जवळ येण्याचा संभव एक लाखात सात. एकेक प्रयोग वेगळा घेतला तर त्यात काहीच खटकत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. वर दिलेल्या सात प्रयोगांची प्रमाण त्रुटी कोणीही स्वतः काढून पाहावी. सातही आकडे अपेक्षेपासून एका प्रमाण त्रुटीच्या आत आहेत. सामान्यतः सातांतले दोन तरी बाहेर पडावेत; सातही आत राहण्याचा संभव सुमारे ७ टक्के आहे. एवढ्यावरून कोणी कोणावर आरोप करणार नाही. तथापि हाच प्रकार प्रयोगामागून प्रयोगात घडतो, तेव्हा फिशरची शंका निर्माण होते.

तिचे मर्मस्थान तिसऱ्या पिढीत आहे. बियांची लक्षणे सोडून उरलेल्या पाच लक्षणांसाठी मेंडेलने प्रत्येकी १०० प्रभावी झाडे निवडली व प्रत्येकाच्या १० बिया लावल्या. दहांपैकी एकही अप्रभावी न निघाल्यास ते झाड स्थिर मानले. परंतु खऱ्या संकर झाडाच्या दहाही संतती प्रभावी निघण्याचा संभव ५.६ टक्के असतो. म्हणजे काही संकर झाडे चुकून स्थिरांत मोजली गेलीच पाहिजेत. मेंडेलचे आकडे पाहा: ३६ व ६४, २९ व ७१, ४० व ६०, ३३ व ६७, २८ व ७२, आणि चाळीस-साठाचा प्रयोग फार दूर पडला म्हणून तो पुन्हा करून मिळविलेले ३५ व ६५. एकूण ६०० झाडांत २०१ स्थिर, ३९९ अस्थिर. नुसत्या एकास दोन या प्रमाणाशी याहून सुंदर मेळ बसणार नाही. पण चुकीची वर्गवारी हिशेबात घेतली तर २२२ किंवा २२३ स्थिर अपेक्षित होते. मेंडेलचे आकडे चुकीच्या अपेक्षेशी बरोबर जुळले आणि योग्य अपेक्षेपासून दूर राहिले, असा हा पेच आहे.

फिशरचा निष्कर्ष कठोर होता: बहुतेक प्रयोगांचे आकडे अपेक्षेशी जुळावेत अशा रीतीने बदललेले असावेत. दोष मात्र त्याने मेंडेलच्या माथी मारला नाही. काय यावयास हवे हे पक्के ठाऊक असलेल्या एखाद्या साहाय्यकाकडे त्याने बोट दाखविले. या साहाय्यकाला निबंधात कोठेही आधार नाही आणि फिशरसारख्या काटेकोर लेखकाने त्याचा आश्रय घ्यावा हे विचित्र वाटते. बचावपक्षाचे म्हणणे असे की मेंडेलने दहाहून अधिक बिया लावल्या असतील, किंवा उंचीसारखे लक्षण रोपावस्थेतच ओळखू येत असल्याने दहा हा आकडा काटेकोर धरू नये. शिवाय अंतर मोजले तर ते सुमारे १.८ प्रमाण त्रुटी एवढेच भरते. एकट्या या पुराव्यावर खटला उभा राहत नाही. २००८ साली अ‍ॅलन फ्रँकलिन व त्याच्या सहकाऱ्यांनी हा वाद संपविल्याचे नावातच सांगणारा ग्रंथ काढला. तो वाचल्यावर फसवणुकीचा आरोप सोडून द्यावा असे वाटते, वाद संपला असे मात्र वाटत नाही.

आमच्या मते या चर्चेत पुनरावृत्तीच्या प्रयोगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चाळीस-साठ हे प्रमाण मेंडेलला खटकले म्हणून त्याने तो प्रयोग पुन्हा केला, आणि दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले. पण २९ व ७१, किंवा २८ व ७२, यांची पुनरावृत्ती त्याने केली नाही. जेथे मेळ बसला तेथे थांबावयाचे आणि जेथे बसला नाही तेथे पुन्हा मोजावयाचे, असा परिपाठ ठेवला की कोणीही खोटा आकडा न लिहिता सर्व आकडे हळूहळू अपेक्षेकडे सरकतात. यासाठी अप्रामाणिकपणाची गरज नाही, साहाय्यकाचीही नाही. वर उल्लेखिलेला ६६ वरून ७३ वर येणारा विद्यार्थी हेच करतो. फरक एवढाच की मेंडेलने पहिला आकडाही छापला आणि विद्यार्थी तो खोडरबराने पुसतो.

दुसरी टीका याहून जुनी आहे. १९०० साली द व्रीज, कोरेन्स आणि चेरमाक यांनी निबंध पुन्हा उजेडात आणल्यावर दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये वेल्डनने ‘बायोमेट्रिका’त वाटाण्याच्या बियांची चित्रे छापली. त्यांत हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत आणि गोलापासून सुरकुतलेल्यापर्यंत सलग छटा दिसत होत्या. वेल्डनचा प्रश्न असा की, निसर्गात जेथे छटा आहेत तेथे दोनच खाने आले कोठून? बेटसनने त्याच वर्षी मेंडेलच्या समर्थनार्थ एक ग्रंथभर उत्तर दिले, आणि पुढील इतिहास बेटसनच्या बाजूने गेला. १९९० साली सुरकुतीचे कारण स्टार्चच्या शाखा घडविणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात घुसलेला डीएनएचा तुकडा हे असल्याचे सिद्ध झाले. दोन खान्यांमागे खरोखरच दोन रूपे होती. तरीही वेल्डनचा प्रश्न निकालात निघाला असे समजणे चूक होईल. जनुकाची रूपे दोन असली तरी त्यातून घडणारे लक्षण परिस्थितीनुसार व इतर जनुकांनुसार सरकते. मेंडेललाही हे दिसले होते. एक फूट आणि सहा फूट उंचीच्या वाणांचे संकर सहा ते साडेसात फूट वाढले, म्हणजे प्रभावी पालकाहूनही उंच निघाले, असे तोच लिहितो. ‘उंच’ या खान्यात टाकल्यावर हा दीड फूट कोणाच्याच हिशेबात येत नाही.

मेंडेलच्या भाकिताची सीमा त्याने स्वतःच तपासली, आणि ही दोन उदाहरणे पाठ्यपुस्तकांनी बहुधा वगळली आहेत. हायरेशियमच्या संकरांवरील त्याचा छोटा निबंध १८७० साली छापला गेला. तेथे संकरांची प्रजा फुटत नाही, जशीच्या तशी राहते. हायरेशियममध्ये फलनाशिवाय बी तयार होते हे कारण १९०३ साली ऑस्टेनफेल्ड आणि राउन्कियर यांनी दाखविले. मेंडेल तोवर हयात नव्हता. त्याने आपले आकडे वाटाण्याच्या नियमात बसविण्याची खटपट केली नाही.

दुसरे उदाहरण वाटाण्याच्या निबंधातच आहे. फॅसिओलस नानस या पांढऱ्या फुलांच्या घेवड्यावर त्याने फॅसिओलस मल्टिफ्लोरस या जांभळट तांबड्या फुलांच्या जातीचे पराग टाकले. संकरांची फलनक्षमता अत्यंत कमी होती. १७ झाडांना शेकडो फुले आली आणि बिया मिळाल्या ४९. त्यांपासून ४४ झाडे उगवली आणि फुलली ३१. झाडाच्या बांध्याविषयीची लक्षणे वाटाण्याच्या नियमाने वागली, परंतु फुलांच्या रंगात जांभळट तांबड्यापासून फिक्या जांभळ्यापर्यंत अनेक छटा आल्या आणि पांढऱ्या फुलांचे झाड एकच निघाले. एकास तीन या अपेक्षेने सात-आठ पांढरी झाडे यावयास हवी होती. एक किंवा त्याहून कमी येण्याचा संभव हजारात दीड आहे. मेंडेलने येथे सुचविले की रंग दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांचा बनलेला असावा, आणि तसे असल्यास पांढरे झाड सोळांत एक यावे. सोळांत एक धरले तर एकतीसांत एक किंवा शून्य पांढरे येण्याचा संभव ४१ टक्के भरतो. हे अनुमान सिद्ध करण्यास ३१ झाडे पुरेशी नाहीत, हे त्याने लपविले नाही. झाडे अधिक नव्हती, म्हणून सुचविण्यापलीकडे तो गेलाही नाही. नव्या पाठ्यपुस्तकाच्या कर्त्याने पहिला चौकोन छापण्यापूर्वी ही एकतीस झाडे आणि ते १४ व १५ बियांचे एक झाड, एवढे दोन आकडे तरी विद्यार्थ्यापुढे ठेवावेत.